प्रिंटरची वीज नेमकी जाते कुठे? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात प्रिंटर आणि झेरॉक्स मशीनच्या देखभालीबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं लाइट बिलाची निघाली, म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलं आहे. शाहूपुरीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये ही यंत्रं उघडी पडलेली असतात. उत्तरं त्या टेबलावरची आहेत, शोरूममधली नाहीत.

प्रश्न : महाद्वार रोडला आमचं झेरॉक्स सेंटर आहे. एक जुनं मोठं मशीन, एक छोटा लेसर प्रिंटर. टोनर देणारा मुलगा म्हणतो, “वहिनी, हा नवीन लो-मेल्ट टोनर घाला, कमी तापमानाला चिकटतो, बिल निम्म्यावर येईल.” घालू का?
(महाद्वार रोड, कोल्हापूर)

घालू नका, वहिनी. त्या मुलाचं अर्धं बोलणं खरं आहे, आणि घोटाळा त्यामुळेच होतो.

टोनर म्हणजे बारीक प्लास्टिकची भुकटी. त्यात रेझिन असतं, काळेपणासाठी कार्बन ब्लॅक, थोडं मेण आणि विद्युतभार नीट धरावा म्हणून एखादं रसायन. कण पाच ते दहा मायक्रॉनचा. ड्रमवरून, म्हणजे ज्या नळकांड्यावर आधी अक्षर उमटतं त्यावरून, तो कागदावर उतरतो तेव्हा नुसत्या विद्युतभाराने बसलेला असतो, बोट फिरवलं की पुसला जातो. त्याला वितळवून कागदाच्या तंतूंत दाबायचं काम फ्यूजरचं. आपल्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त वीज खाणारा भाग तोच. लो-मेल्ट टोनर ही थाप नाही. कोनिका मिनोल्टाचा सिमिट्री, झेरॉक्सचा ईए हे टोनर दळून बनवत नाहीत, रसायनाच्या पाण्यात कण वाढवून बनवतात. रेझिन पॉलिएस्टरकडे नेल्यावर वितळायचं तापमान वीसेक अंशांनी खाली आणता आलं.

पण किती तापायचं हे टोनर ठरवत नाही. फ्यूजरच्या गरम रोलरपाशी थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा छोटा भाग, असतो, तो सांगेल तसा बोर्ड हीटर चालू-बंद करतो, आणि तो आकडा कंपनीने आपल्या टोनरसाठी आधीच बसवलेला असतो. तुमच्या जुन्या मशीनमध्ये तो १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असणार. लवकर वितळणारा टोनर भरलात तरी रोलर तेवढाच तापणार. मग टोनर गरजेपेक्षा पातळ होतो, कागद सोडून रोलरला धरतो आणि खाली त्याच मजकुराची फिकट सावली उमटते. वीज वाचली शून्य, टेफलॉनच्या रोलरचा खर्च मात्र पदरात.

आता जरा हिशेब करूया. ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-फोर कागद साधारण ४.७ ग्रॅमचा. फ्यूजरमधून जाताना तो २५ वरून ९५ अंशांवर गेला असं धरलं, तर नुसता कागद तापवायला सुमारे ४४५ ज्यूल लागतात. कागदात पाचेक टक्के ओलावा असतो, म्हणजे पाव ग्रॅम पाणी. त्यातलं निम्मं उडालं तर वाफेपायी आणखी पावणेतीनशे ज्यूल गेले. आणि टोनर? पानभर साध्या मजकुराला वीसेक मिलिग्रॅम टोनर लागतो. तो तापवायला तीन ज्यूल. सव्वासातशेतले तीन! बाकी सगळी उष्णता कागद आणि त्यातलं पाणी घेऊन जातं. टोनर कमी तापमानाला वितळला की फायदा होतो तो असा, की कागदाला कमी तापवावं लागतं.

हेच सव्वासातशे ज्यूल युनिटमध्ये मोजले तर साधारण पाच हजार कागदांना एक युनिट. प्रत्यक्षात इकडेतिकडे उष्णता जाते म्हणून दुप्पट धरा. तरी पाच हजार कागदांना दोन युनिट. तुमचं बिल एवढ्याने फुगत नाही.

ते फुगतं मशीन उभं असताना. जुन्या मोठ्या मशीनचा रोलर जाड असतो. गिऱ्हाईक आलं की लगेच प्रत निघावी म्हणून तो दिवसभर गरम ठेवलेला असतो. समजा त्यासाठी सरासरी दीडशे वॅट जातात. सकाळी दहा ते रात्री आठ, दीड युनिट झालं. एकही प्रत न काढता! महाद्वार रोडला दुपारी दोन ते चार कोण फिरकतं? त्या वेळेसाठी मशीनच्या सेटिंगमध्ये स्लीपची, म्हणजे काम नसताना मशीन झोपी जाण्याची, वेळ पंधरा मिनिटांवर आणा. बहुतेक दुकानांत ती चार तासांवर किंवा बंदच केलेली सापडते, कारण कधीतरी गिऱ्हाईक “लई वेळ लागतोय” म्हणून पुढच्या दुकानात गेलेलं असतं. एक-दोन प्रतींचं गिऱ्हाईक छोट्या प्रिंटरवर घ्या, मोठं मशीन गठ्ठ्यासाठी उठवा. यात एक पैशाचा टोनर बदलावा लागत नाही.

आणि पावसाळ्यात रीम उघडी टाकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे उघड्या रीममधला ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर सहज जातो. मग फ्यूजरची उष्णता पाणी उडवण्यातच संपते. टोनर नीट बसत नाही, बोटाला काळं लागतं, कागद वळतो. गिऱ्हाईक म्हणतं टोनर डुप्लिकेट. दुकानदार घाईघाईने कागदाचा प्रकार ‘जाड’ करून ठेवतो, की मशीन आणखी तापतं किंवा हळू चालतं. दिवाळी आली तरी ते सेटिंग तसंच! या दिवसांत माझ्याकडे ‘फ्यूजर गेला’ म्हणून येणाऱ्या यंत्रांतली बरीचशी कोरडा कागद घातला की बरी होतात. मशीन दुरुस्तीला आणायच्या आधी नवी रीम फोडून बघा, एवढंच सांगते. माझं नुकसान होईना का.

प्रश्न : उद्यमनगरात माझं लेथ आणि प्रेसचं काम आहे. आम्ही पत्रा थंडच दाबतो आणि तो आकार धरतो. टोनर प्लास्टिक आहे तर नुसता दाबून का बसवत नाहीत? हीटरच काढून टाका की.
(शिवाजी उद्यमनगर)

हा प्रश्न वाचून बरं वाटलं. तुमच्या गल्लीतल्या माणसालाच तो सुचू शकतो.

तसं करून झालं आहे. थंड दाबाने टोनर बसवणारे कॉपियर आणि प्रिंटर बाजारात होते. दोन कडक पोलादी रोलर, त्यांच्यामधून कागद, हीटर नाही, गरम व्हायची वाट बघणं नाही. पण तुम्ही जाणताच, दाब वाढवला की रोलर मध्ये वाकतो आणि कडेला दाब जास्त, मधोमध कमी पडतो. त्यावर उपाय म्हणून दोन्ही रोलर एकमेकांना किंचित तिरके बसवायचे. ते जमलं. कागदाचं काय करायचं ते जमलं नाही. एवढ्या दाबाखाली तो इस्त्री केल्यासारखा चकचकीत, पातळ व्हायचा. टोनरही मेणासारखा मऊ घ्यावा लागायचा, मग नखाने खरवडला की अक्षर निघालं. सात-बारा उताऱ्यावरचं अक्षर नखाने निघालं तर काय होईल, तुम्हीच बघा.

म्हणून आजचा फ्यूजर उष्णता आणि दाब दोन्ही वापरतो, आणि तिसरी गोष्ट असते ती वेळ. वरचा रोलर गरम, खालचा सिलिकॉन रबराचा. रबर दबतं म्हणून दोघांचा स्पर्श रेघेपुरता न राहता काही मिलिमीटर रुंद होतो. मिनिटाला वीस पानं काढणाऱ्या प्रिंटरमध्ये कागद सेकंदाला साधारण १२० मिलिमीटर पळतो. हा स्पर्शाचा पट्टा सहा मिलिमीटरचा असेल तर कागदाला मिळाले ५० मिलिसेकंद. एवढ्यात टोनर वितळून तंतूंत शिरला पाहिजे. पट्टा रुंद केला किंवा वेग निम्मा केला, की कमी तापमानातही काम होतं. वीज कमी लागणारे फ्यूजर बनवणारे इंजिनिअर डोकं लावतात ते या पट्ट्यावर. खालचा रबर रोलर कडक झाला की पट्टा अरुंद होतो आणि अक्षर कच्चं राहतं. त्यावर आपले लोक तापमान वाढवतात. खरं तर रोलर बदलायला हवा.

तुमच्या डोक्याला आणखी एक खाद्य देते. वर हिशेब केला तसा टोनरला तीन ज्यूल लागतात आणि कागद सातशे खातो. मग फक्त टोनरच तापवला तर? तेही करून झालं. झेनॉन दिव्याचा जोरदार झोत एका क्षणापुरता पानावर मारायचा. काळा टोनर प्रकाश शोषून वितळतो, पांढरा कागद तो परतवतो आणि जवळजवळ गारच राहतो. काहीही कागदाला टेकत नाही, त्यामुळे घासणं, अडकणं नाही. अखंड कागदाच्या रोलवर भराभर छापणाऱ्या मोठ्या यंत्रांत ही पद्धत वापरली गेली. अडचण अशी, की पानावर पाच टक्केच काळं असतं आणि झोत शंभर टक्के पानावर पडतो. परत गेलेला प्रकाश गोळा करून पुन्हा कामाला लावायला चांगले आरसे लागतात. पिवळा, लाल टोनर तो प्रकाश नीट शोषत नाही, म्हणून त्यात वेगळी द्रव्यं मिसळावी लागतात. शिवाय रेझिन एकदम तापल्यावर वास येतो, तो ओढून घ्यायची व्यवस्था आली. टेबलावरच्या प्रिंटरमध्ये एवढं कोण बसवणार?

प्रश्न : सीपीआर हॉस्पिटलसमोर वकिलांची टायपिंगची कामं करतो. छोटा लेसर प्रिंटर आहे. वीज वाचावी म्हणून प्रत्येक काम झालं की पाठीमागचं बटण बंद करतो. बरोबर करतोय ना? शिवाय प्रिंट देताना ट्यूब लुकलुकते आणि यूपीएस ओरडतो.
(भाऊसिंगजी रोड)

बटण बंद करू नका, दादा. उभं मशीन वीज खातं हे वहिनींना सांगितलं, ते तुम्हाला लागू नाही, कारण तुमच्या प्रिंटरच्या पोटातला फ्यूजर वेगळ्या जातीचा आहे.

बिडाचा जाड तवा आणि पत्र्याचा पातळ तवा यांत जो फरक, तोच इथे. मोठ्या मशीनच्या ॲल्युमिनियमच्या रोलरचं वजन तीनशे ग्रॅम धरलं, तर तो खोलीच्या तापमानावरून १८५ अंशांवर न्यायला त्रेचाळीस हजार ज्यूल लागतात. साठेक कागदांची उष्णता एका प्रतीसाठी! म्हणून तो गरम ठेवावा लागतो. कॅननने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा जाड रोलरच काढून टाकला. त्याजागी पॉलिइमाइड या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची नळीसारखी पातळ फिल्म आली आणि तिच्या आत सिरॅमिकची पट्टी, पट्टीवर हीटर. फिल्मला वजनच नाही, त्यामुळे साठवायची उष्णताही जवळपास नाही. काही सेकंदांत तापते, कागद गेला की थंड. एचपीच्या लेसरजेटमध्येही हेच तंत्र आलं. टेबलावरचा काळा-पांढरा लेसर प्रिंटर आज बहुधा असाच असतो, आणि झोपलेला असताना त्याला काही वॅटच लागतात. वीज वाचवण्यात या एका बदलाने केलं तेवढं कुठल्या टोनरने केलं असेल असं मला वाटत नाही. फिल्म नाजूक मात्र असते. कागदाला राहिलेली टाचणी आत गेली की फाटते. याचिकेचे कागद स्टेपल काढून पुन्हा ट्रेमध्ये घालायची तुमच्याकडे सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

दर वेळी बटण बंद करून चालू केलं की प्रिंटर पुन्हा सगळी तपासणी करतो, रोलर फिरवतो, फ्यूजर तापवून बघतो. दिवसातून पंधरा वेळा हे केलं तर वाचवण्याऐवजी घालवताय. रात्री जाताना बंद करा, बस्स.

ट्यूब लुकलुकते कारण हीटर एकदम काही शे वॅट ओढतो आणि सोडतो. वायरिंग बारीक असेल तर ते जास्त दिसतं. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, त्यात तुमचा कॉम्प्युटर आधीच बसलेला. प्रिंटर यूपीएसवरून काढून थेट भिंतीच्या चांगल्या सॉकेटला लावा. लाइट गेली आणि छापणं अर्धवट राहिलं तर राहू दे, कोर्टात तारीख पुढे पडते तसं छापणंही पुढे पडेल.

प्रश्न : शाळेसाठी प्रश्नपत्रिका छापतो. लेसर टाकून इंक टँक घ्यावा का? आणि दोन्ही बाजूंनी छापलं तर वीज अर्धी होते का?
(कागल)

गुरुजी, शाईच्या प्रिंटरला काही वितळवायचं नसतं, म्हणून तो छापताना दहा-वीस वॅटवर चालतो. वीज एवढाच मुद्दा असेल तर तोच जिंकतो. पण साध्या डाय शाईची (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) प्रश्नपत्रिका पावसात भिजलेल्या पोराच्या हातात गेली की ओघळते. काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, आहे का ते विचारून घ्या, ती पाण्याला टिकते. मे महिन्यात वापर नसेल तर आठवड्यातून एखादं पान काढत राहा, नाहीतर जूनमध्ये नोझल चोंदलेलं मिळेल. चालू असलेला लेसर नुसत्या विजेसाठी भंगारात काढू नका, एवढं माझं मत.

दोन्ही बाजूंनी छापताना कागद फ्यूजरमधून दोनदा जातो. दुसऱ्या वेळी तो थोडा गरम आणि कोरडा असतो म्हणून किंचित कमी उष्णता लागते, पण वीज अर्धी होत नाही. अर्धा होतो तो कागद. आणि कागद बनवायला लागणारी ऊर्जा त्यावर छापायला लागणाऱ्या ऊर्जेच्या कितीतरी पट असते. तेव्हा छापा दोन्ही बाजूंनीच. ‘इकोनॉमी मोड’चंही विचारलं आहे. त्या सेटिंगने टोनर कमी वापरला जातो, फ्यूजर मात्र तेवढाच तापतो.

प्रश्न : सॉकेटमध्ये लावायचं ‘पॉवर सेव्हर’ यंत्र प्रिंटरजवळ लावलं तर वीज वाचते का?
(इचलकरंजी)

नाही. त्यात बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. तो पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खरोखर कामाला येणारा वाटा, सुधारतो असं सांगतात. पण फ्यूजरचा हीटर साधा रोधकाचा भार, त्याचा पॉवर फॅक्टर आधीच एकच्या जवळ. तो दिवाच तेवढी वीज खाईल.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला आहे. टोनर कागदावर बसवायला लागणारी ऊर्जा यावर प्रोजेक्ट करायचा आहे. महागडी उपकरणं नाहीत. सुरुवात कुठून करू?
(विद्यानगर)

सुरुवात १९३८ पासून कर. २२ ऑक्टोबर १९३८ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस ऑटो कोर्नेई यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून भारित केला. ‘१०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया’ लिहिलेली काच त्यावर ठेवून उजेड पाडला, लायकोपोडियमची पूड भुरभुरली आणि ती मेणकागदावर उचलली. मग कागद तापवला. मेण वितळलं, पूड अडकली. म्हणजे पहिल्या प्रतीपासून उष्णता आहेच, फक्त तेव्हा वितळायचं काम कागदावरच्या मेणाकडे होतं, आज पुडीकडे आहे. १९५९मध्ये झेरॉक्स ९१४ हे मशीन आलं तेव्हा ही उष्णता इतकी नडली, की आत अडकलेला कागद कधीकधी पेट घ्यायचा. कंपनी मशीनसोबत छोटं अग्निशामक द्यायची आणि त्याला नाव दिलं होतं ‘स्कॉर्च एलिमिनेटर’. प्रस्तावनेत हे घाल, परीक्षक जागे राहतील.

टोनरचं तापमान खाली आणताना आडवं काय येतं, हा स्वतंत्र विभाग कर. टोनर लवकर मऊ व्हायला हवा, पण एप्रिलमध्ये पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडून असताना त्याचा गोळाही होता कामा नये. रेझिन साधारण ५५ ते ६५ अंशांना मऊ व्हायला लागतं. म्हणून कणाचा गाभा मऊ आणि वरचं कवच कडक अशी रचना करतात. खाली यायला अजून किती जागा आहे, ते या दोन टोकांमध्येच बघायचं.

प्रयोगासाठी सॉकेटला लावायचा ऊर्जामापक आण, तो स्वस्तात मिळतो. त्यावर तीन आकडे वेगवेगळे घे: थंड मशीन तयार होईपर्यंतचा, सलग पन्नास पानांचा, आणि तीच पन्नास पानं पाच-पाच मिनिटांनी एकेक काढल्यावरचा. एक जाड रोलरचं मशीन आणि एक फिल्मचा प्रिंटर मिळव. पहिलं माझ्याकडे येऊन वापर, चालेल.

ओलावा मोजायला गुजरीत कुणा ओळखीच्या सराफाकडे जा. मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा त्यांच्याकडे असतो. तिथेच सॉकेटला छोटा प्रिंटर लाव, सराफ हसेल, हसू दे. आधी कोरा कागद तोल, मग तो छापून तोल. टोनरचे वीसेक मिलिग्रॅम वाढूनही कागद हलका झालेला दिसेल. तो फरक अधिक टोनर, म्हणजे उडालेलं पाणी. प्लास्टिकमध्ये बंद ठेवलेल्या रीममधला कागद आणि रात्रभर गॅलरीत ठेवलेला कागद असे दोन्ही घे. मात्र प्रिंटरमधून बाहेर पडल्या पडल्या काट्यावर ठेव. चहा येईपर्यंत थांबलास तर तो हवेतलं पाणी परत ओढून घेईल आणि आकडा चुकेल. पंखाही बंद करायला सांग.